पेढीत पाच वाजतात तेव्हा

एकदा एक वायरवाले आबा होते. "नेटवर्कच्या कामात या तालुक्यात माझा दुसरा नंबर कधी आला नाही," असे ते छाती काढून सांगत, आणि पुढच्याच दमात, "कारण हे काम करणारा मी एकटाच!" कुठल्या दुकानाची कोणती वायर कुठे जाते, कुणाचा पासवर्ड काय, सारे त्यांच्या डोक्यात. वहीत एक ओळ नाही.

म्हातारपणी त्यांना एक शिष्या लाभली. तिला पहिले स्वतंत्र काम मिळाले ते एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या पेढीत. पाच संगणक, आणि तक्रार एकच: रोज पाचनंतर नेट जाते. "आज जमलं नाही, तर उद्या शहरातून माणूस बोलावतो," शेठनी बजावले होते. शिष्येने मोठा राउटर पसंत करून कागदावर लिहिला. तरी मन धजेना, म्हणून आबांना बोलावले.

आबा आले, दोनदा चहा प्याले, आणि भर तीन वाजता स्टुलावर चढून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाचे काटे पाचवर नेले. शिष्येला वाटले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय!

कोपऱ्यातल्या नलूताई पेढीच्या सर्वांत जुन्या कारकून. संगणकातल्या घड्याळावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. भिंतीकडे पाहून त्यांनी नेमाप्रमाणे आपला संगणक बंद केला, त्यावर विणलेला रुमाल घातला, हात जोडले आणि पिशवी उचलली.

"नेट गेलं!" उरलेल्या चारही टेबलांवरून एकच ओरड झाली.

"गेलं कुठं? याच नेटवर माझी मॅच चालू आहे की," शेठ मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले.

आबा गालातल्या गालात हसत खाली उतरले. "पोरी, राउटर म्हणजे वाट. ती धडधाकट आहे, शेठना विचार. पण सगळ्यांच्या फायली एकट्या नलूताईंच्या संगणकात! त्या घरी गेल्या की वाट कोठारापर्यंत जाते आणि कुलूप बघून परत येते. इथं हवा सगळ्यांच्या फायली सांभाळणारा छोटासा सर्व्हर, ज्याला घरीच जायचं नसतं. काय घ्यायचं ते दुकानात जाऊन ठरवू नये. कोण उठून गेल्यावर काम अडतं, ते आधी बघावं."

शिष्येला लख्ख दिसले. तिने कागदावरचा राउटर खोडून सर्व्हर लिहिला. शेठनी मान डोलावली. मग तिने वहीचे कोरे पान उघडून आबांपुढे धरले.

"हे गं कशाला?"

"अख्ख्या तालुक्याच्या वायरी एका डोक्यात ठेवल्यात तुम्ही, आबा. आणि तुमच्या वयाच्या घड्याळात आता पावणेपाच झालेत."