चिमूटभर शीण

डोंगरापल्याड, जिथे ढगसुद्धा दुपारचे जरा टेकतात, तिथे चांदवन नावाचं एक रान होतं. रानाच्या काठाला इवलंसं गाव होतं, आणि त्या गावात बकुळा नावाची एक मुलगी आपल्या आईबरोबर राहायची. घर एवढंसं. एक चूल, एक घोंगडी, एक खिडकी. बकुळा रांगत होती तेव्हाच तिचे बाबा वारले, म्हणून तिची आई, यमुना, गावातल्या सगळ्या स्वयंपाकघरांत राबायची. कुणाकडे दळायचं, कुणाकडे कुटायचं, कुणाकडे भांडी घासायची.

दिवेलागणीला ती घरी यायची, तेव्हा उंबरा ओलांडण्याचंही त्राण तिच्या पायांत नसायचं. ती उंबऱ्यावरच बसायची. बकुळा भाकरी आणून द्यायची, आणि कितीदा तरी पहिला घास हातात तसाच धरून आईला झोप लागायची. मग बकुळा तो घास हळूच काढून घ्यायची आणि आईच्या अंगावर घोंगडी ओढायची. तिला राग यायचा नाही असं नाही. यायचा. पण झोपलेल्या माणसावर रागवायचं तरी कसं?

गावाच्या मधोमध देवकीकाकूंची बाग होती. काय सांगू त्या बागेचं! शेंदरी अबोली, पिवळीधम्मक शेवंती, मोत्यांच्या दाण्यांसारख्या मोगऱ्याच्या कळ्या, आणि गवत इतकं मऊ की पाय ठेवताना वाटावं, त्याला दुखेल. दर पौर्णिमेला त्या बागेत खाऊची दुपार असायची. मुलांनी आईबरोबर नाहीतर बाबांबरोबर यायचं, एका ताटाशी दोघांनी बसायचं आणि आपल्या हातांनी खाऊ करायचा. कधी भेळ, कधी चिवडा, कधी दाण्यांचे लाडू. खाऊ झाला की पहिला घास लेकरानं आईला भरवायचा आणि आईनं लेकराला.

बागेच्या दारात एक रीत होती. मुलानं मूठ वळायची, आणि मोठ्या माणसानं ती आपल्या हातात झाकायची. मूठ सगळी झाकली गेली तर आत जायचं. मूठ बाहेर डोकावू लागली की ते मूल मोठं झालं आणि त्याची खाऊची दुपार संपली.

बकुळा त्या दारातून कधीच आत गेली नव्हती. ती जायची मागच्या दारानं. कारण खाऊची दुपार मुलं आणि आईबाप करत असले, तरी त्याआधी दाणे भाजायचे, सोलायचे, गूळ चिरायचा, खोबरं किसायचं, हे सगळं यमुना मागच्या पडवीत करून ठेवायची. पुढे सगळे नुसते लाडू वळायचे आणि म्हणायचे, "बघा, आम्ही केले!" नंतर ताटं घासायलाही यमुनाच.

"आई, या वेळी आपण बसू या ना ताटाशी," बकुळा दर वेळी म्हणायची.

"पुढच्या वेळी नक्की हं, बाळा," आई म्हणायची. आणि खरंच तिच्या मनात असायचं, यात शंका नाही.

पण एका पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहाटे बकुळेनं झोपलेल्या आईच्या हातात आपली मूठ ठेवून पाहिली. अंगठ्याचं टोक बाहेर आलं होतं. जेमतेम नखाएवढं. आता पुढची वेळ उरली नव्हती. उद्या, नाहीतर कधीच नाही.

त्या दुपारी ती मागच्या पडवीत दाणे सोलत होती. आईला दुसरीकडे दळण होतं, म्हणून आजचे दाणे तिच्याकडे आले होते. भाजलेले दाणे हातांनी चोळायचे, सुपात घ्यायचे आणि फुंकर मारायची, की लालचुटूक सालं भुर्रकन उडायची. चोळून चोळून तिचे तळवे हुळहुळले होते. तिनं मोठ्ठी फुंकर मारली, आणि सालांबरोबर काहीतरी गिरक्या घेत अबोलीवर जाऊन आपटलं.

"अगं, हळू! मी साल नाहीये!"

बकुळेनं वाकून पाहिलं. पानावर एक परी बसली होती, बोटाच्या पेराएवढी. अंगात चंदेरी झगा, केसांत दवाचे चिमुकले मणी. पंख लसणाच्या सालीसारखे, पातळ, गुलाबी-पांढरे, उन्हात चमचम करणारे. पण दोन्ही पंख पार लोळागोळा होऊन खाली पडले होते.

"लागलं का गं तुला?" बकुळेनं विचारलं.

"नाही गं. दमलेय," परी म्हणाली. "मी फुंकरपरी. सकाळपासून फिरतेय. कुणाला बाहुली हवी, कुणाला पतंग, कुणाला पाऊस, आणि शेजारच्याला लगेच ऊन. दे गं, कर गं, आण गं. जरा टेकावं म्हणून त्या सालांत पडले, तर तू उडवून लावलंस."

बकुळेनं पटकन अबोलीच्या पाकळ्यांची गादी केली. एक दाणा फोडून त्याची अर्धी डाळ परीच्या हातात दिली आणि उन्हाकडे आपला तळवा आडवा धरला. "नीज तू. इथे कुणी काही मागणार नाही."

परी कुरतड कुरतड करत दाणा खाऊ लागली. खाता खाता थांबली. "तूसुद्धा नाही मागणार?"

"तू दमलीयस ना," बकुळा म्हणाली.

परीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते मोहरीएवढंच होतं, पण पाणीच ते. तिनं थोडा वेळ डोळे मिटले, मग उठून बकुळेच्या परकराच्या काठाला दोन बारीक गाठी मारल्या. गाठींच्या आत काहीतरी काजव्यासारखं लुकलुकलं.

"या दोन फुंकरी ठेव. गाठ सोडायची आणि मनातलं मागायचं. पण नियम ऐक. सोनंनाणं मिळणार नाही. आणि माझ्या फुंकरीनं कुणाचाही शीण नाहीसा होत नाही, तो नुसता हलतो. एकाचा काढला की दुसऱ्याला घ्यावा लागतो. आणि घेणाऱ्यानं आपणहून हात पुढे केला पाहिजे. जबरदस्ती चालत नाही."

एवढं सांगून परी वाऱ्यावर झोकांड्या खात शेवंतीत दिसेनाशी झाली.

शीण काढता येतो! बकुळेला दुसरं काही सुचलंच नाही. संध्याकाळी आई उंबऱ्यावर बसली, घास हातात धरून पेंगू लागली, तशी बकुळेनं पहिली गाठ सोडली.

"माझ्या आईचा सगळा शीण काढ," ती कुजबुजली, आणि कुणाला द्यायचा याचा विचारही न करता तिनं आपलाच हात पुढे केला.

एक गार झुळूक आली. आईनं डोळे उघडले आणि घास तोंडात घातला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. "आज भाकरी गोड झालीय गं बकू!" ती म्हणाली आणि चक्क गुणगुणत भांडी घासायला बसली. इकडे बकुळेला मात्र घोंगडीपर्यंत चालवेना. पाठ, मान, पोटऱ्या, बोटांची पेरं, सगळं ठणकत होतं. आई हे रोज अंगावर घेऊन फिरते? बकुळेला रडू आलं, पण रडायचीही ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी आईनंच तिची वेणी घातली. "चल, आज आपण पुढच्या दारानं जायचं," ती हसत म्हणाली. दारात देवकीकाकू उभ्या होत्या. बकुळेनं मूठ वळली, अंगठा आत घेऊन घट्ट दाबला. आईनं हात मिटला. झाकली! काकूंनी मान डोलावली आणि बकुळेनं जन्मात पहिल्यांदा त्या मऊ गवतावर पाऊल ठेवलं.

दोघी ताटाशी बसतात न बसतात तोच काकूंची हाक आली. काकू वाईट नव्हत्या हो. त्यांना फक्त सवय झाली होती. "यमुने, आज भारी टवटवीत दिसतेस! तेवढे उरलेले दाणे सोलून घे ना."

"आलेच हं बकू," आई म्हणाली आणि उठली.

दाणे झाले, तर गूळ निघाला. गूळ झाला, तर खोबरं निघालं. आई दमतच नव्हती, मग कामं तरी कशाला थांबतील? "यमुनाबाई, एवढं करता का?" "यमुनाबाई, तेवढं देता का?" यमुना पाखरासारखी इकडून तिकडे भिरभिरत राहिली. आणि बकुळा एकटी ताटाशी बसून राहिली. आजूबाजूला लाडू वळले जात होते, आया लेकरांना हसवत होत्या. बकुळेनं हातात गुळाचा खडा घेतला. तो तोंडापर्यंत नेण्याआधीच तिची मान कलली आणि ती बसल्याजागी झोपी गेली.

आई धावत ताटाशी आली ती खोबऱ्याची वाटी घेऊन, आणि थबकली. लेक बसल्याबसल्या झोपली होती. खांदे पडलेले, एक हात कमरेवर दाबलेला, दुसऱ्या हातात घास तसाच. यमुनेनं तिच्या पाठीला हात लावला आणि तिला ती दुखरी जागा बरोबर सापडली. ती जागा तिच्या पुरत्या ओळखीची होती.

"बकू! अगं, हा तर माझा शीण! तुझ्याकडे कुठून आला?"

बकुळेनं अर्धवट डोळे उघडले आणि सगळं सांगून टाकलं. परी, गाठी, नियम, सगळं. "मला वाटलं, तू दमली नाहीस की माझ्याजवळ बसशील," ती म्हणाली. "पण तू तर जास्तच काम करायला लागलीस."

यमुनेच्या हातातली वाटी खाली पडली. तिनं बकुळेला कुशीत घेतलं आणि गवतावर अशी बसली, की आता मुळं फुटतात की काय.

"यमुने, खोबरं?" पलीकडून काकू म्हणाल्या.

"काकू, मी आज उठायची नाही," यमुना म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "माझ्या लेकीजवळ बसलेय मी."

थांबलेल्या हातांनी सगळे यमुनेकडे बघत राहिले. तेवढ्यात मोगऱ्याच्या ताटव्यातून फुंकरपरी धडपडत आली आणि बकुळेच्या गुडघ्यावर बसली. काल पाकळ्यांवर टेकली होती, तेवढीच काय ती तिची विश्रांती.

"एक गाठ आहे अजून," ती म्हणाली. "हा शीण हलवता येईल. पण हात कोण पुढे करणार?"

"मी," यमुना लगेच म्हणाली.

"नाही!" बकुळा जवळजवळ ओरडलीच. "तुला परत नाही!"

काहींनी ताटात पाहिलं, काहींनी आभाळात. दुसऱ्याचा शीण घ्यायचा म्हणजे काही खायचं काम नव्हे. बकुळेला वाटलं, झालं, आता हे असंच राहणार.

शेजारच्या ताटाशी ठकू नावाची एक बोबडी चिमुरडी बसली होती. तिनं आपला गुळानं माखलेला हात पुढे केला. "मला दे. पण थोलाच हं. मी लहान आहे."

"थोडा चालतो का?" ठकूच्या बाबांनी परीला विचारलं.

"चिमूटभरही चालतो," परी म्हणाली. "आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

मग ठकूच्या बाबांनी हात पुढे केला. त्यांच्या पलीकडच्या आजोबांनी केला. एकेका ताटाशी मोठे हात, छोटे हात, पिठाचे, गुळाचे, बांगड्यांचे हात पुढे झाले. सगळ्यांत शेवटी देवकीकाकू आल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "माझ्या हातावर सगळ्यांहून जास्त ठेव," त्या म्हणाल्या. "बराचसा मीच दिलेला आहे."

बकुळेनं दुसरी गाठ सोडली. "माझ्यातला आईचा शीण काढ," ती म्हणाली. मग परीच्या पडलेल्या पंखांकडे बघून तिनं पुस्ती जोडली, "आणि या परीचासुद्धा."

सोनेरी झुळूक बागेतून फिरली. प्रत्येकाच्या तळव्यावर खसखशीएवढा शीण पडला, आणि अख्ख्या बागेनं मिळून एक मोठ्ठी जांभई दिली. आजोबांनी दिली, ठकूनं दिली, दाराशी बसलेल्या कुत्र्यानंही दिली. बस्स, तेवढंच.

परीचे पंख चटकन ताठ झाले. गुलाबी, मोतिया, जांभळी किरणं त्यांतून फुटली. "माझ्यासाठी कुणी मागेल असं मला वाटलं नव्हतं गं," ती म्हणाली. तिनं बकुळेच्या हुळहुळलेल्या तळव्यांवर हळुवार फुंकर घातली. ती लखलखली, उजेड झाली, आणि त्या उजेडात विरून गेली.

राहिलेले दाणे मग सगळ्यांनीच सोलले. कुणाला येतच नव्हतं, निम्मी सालं एकमेकांच्या केसांत गेली. पोरं फुंकरी मारून बेजार झाली आणि खूश झाली. काकू स्वतः विळीवर खोबरं खवत बसल्या. बकुळेनं आणि आईनं मिळून एकच लाडू वळला, जरासा वाकडा. बकुळेनं तो आईला भरवला, आईनं तिला. या वेळी आई झोपली नाही. ती चावत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं.

त्यानंतर मागच्या पडवीत एकटं कुणी बसलं नाही. दाणे सोलण्यापासून ताटं घासण्यापर्यंत सगळं सगळ्यांचं झालं.

पुढच्या पौर्णिमेपर्यंत बकुळेचा अंगठा बाहेर आला तो आलाच. ती दारातून परत फिरू लागली, तर काकूंनी तिला थांबवलं. "बाई गं, मूठ कुणी कुणाची झाकायची, हे कुठं ठरलंय?" त्या म्हणाल्या.

तेव्हा यमुनेनं आपला थकलेला हात वळून मूठ केली आणि लेकीपुढे धरली. बकुळेनं दोन्ही हातांनी ती झाकली. सगळी झाकली गेली. आणि दोघी आत गेल्या.