चिंचेने घासलेली नाणी

वेणुवती नगरीत अरिंदम राजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्व एका सोनाराच्या घरी जन्मले आणि पुढे राजाचे नाणेपारखी झाले. जुने नाणे हाती आले की त्यांना दुसरे काही सुचत नसे. नखाने कड चाचपायची, दगडावर वाजवून कान द्यायचा, उन्हात धरून बघायचे. त्यांचा शब्द शेवटचा असे. पण नियमही कडक होता. पारख्याचा निवाडा चुकला, तर त्याने तराजू राजापुढे ठेवून पद सोडायचे.

एकदा पाटली नावाची कुंभारीण चांदीची जुनी नाणी घेऊन राजवाड्यात आली. माती खणताना तिला ती गाडग्यात सापडली होती. नाणी लखलखत होती. बोधिसत्त्वांनी एक उचलले आणि म्हणाले, "पणजोबांच्या काळची म्हणतेस, आणि ही चकाकी? खोटी आहेत."

झाले! शिपायांनी तिला धरले. खोटी नाणी पाडणाऱ्याचा उजवा हात तोडत असत. "अहो, हात गेला तर चाक कशानं फिरवू?" म्हणून ती रडत गेली.

नाणे मात्र बोधिसत्त्वांच्या तळहातावरच राहिले. त्यांनी सवयीने कड चाचपली. ती पुष्कळ बोटांतून गेल्यासारखी गुळगुळीत झिजलेली होती. हे काय बुवा? खोटे पाडणारा नवे नाणे मळवून जुने भासवतो. उलट उजळून आणणारा हा कोण शहाणा? त्यांना चैन पडेना. ते उठून थेट कोठडीत गेले.

"बाई, ही नाणी धुतलीस का?"

"चिंच लावून राखेनं घासली, धनी. राजवाड्यात न्यायची वस्तू मळकी कशी न्यायची? एवढी रीत कळते मला."

"एखादे तरी तसेच ठेवलेस?"

"छे! सगळी घासली." मग तिला आठवले. "एक राहिलंय खरं. गाडग्याच्या बुडाला चिकटलंय. तोंड अरुंद, हात पोचेना."

बोधिसत्त्वांना हायसे वाटले आणि लगेच आपला तराजूही आठवला. ते न घासलेले नाणेच तिचा पुरावा होते, हे तिला ठाऊक नव्हते. ते गप्प राहिले असते, तर पद शाबूत होते. त्यांनी गाडगे आणवले.

दरबारात गाडगे फोडले. आतले नाणे काळे, हिरव्या थराने माखलेले निघाले. बोधिसत्त्वांनी पाटलीला चिंच दिली. तिने सगळ्यांसमोर अर्धे नाणे घासले. अंगठ्याखालून तीच चकाकी, तोच सूर्याचा ठसा, तीच झिजलेली कड वर आली. राजा आसनावरून उतरून जवळ येऊन बघू लागला.

"महाराज, नाणी खरी आहेत," बोधिसत्त्व म्हणाले. "चुकलो मी. हिला सोडा." आणि त्यांनी तराजू राजाच्या पायाशी ठेवला.

राजाला फार वाईट वाटले, पण नियम मोडता येईना. त्याने तराजू उचलला. पाटलीला काहीच उमगले नव्हते. तिने विचारले, "उरलेलं अर्धं पण घासू का?"

"नको!" राजा आणि बोधिसत्त्व एकदमच ओरडले.

ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, अरिंदम राजा म्हणजे आपले स्थविर यशोदत्त. ती कुंभारीण म्हणजे विहारातली भांडी अजूनही चिंचेने घासणारी ही नंदवती भिक्षुणी. आणि तराजू ठेवून रिकाम्या हातांनी घरी गेलेला तो पारखी मीच होतो. त्या जन्मी मी सत्यपारमिता, म्हणजे काहीही गमावले तरी सत्य न सोडण्याचे व्रत, पाळली."