पाटी तिरकी धरली तेव्हा

एकदा एक संगणकांचे वैद्य होते. वैद्य हा शब्द त्यांचा नव्हे, गावाचा. येवल्याच्या बाजूला पैठणी विणणारं एक गाव आहे. तिथल्या औद्योगिक शाळेत तीस वर्षं शिकवून ते निवृत्त झाले आणि वेशीजवळ दुरुस्तीचं दुकान थाटून बसले. लोक त्यांना गुरुजीच म्हणत. दुकानाबाहेर खिळ्याला एक दगडी पाटी टांगलेली असे. गुरुजी कुठे गेले आहेत ते तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेलं असायचं. बहुतेक वेळा चहाला.

त्यांच्याकडे शलाका नावाची एक शिष्या काम शिकत होती. बुद्धी तल्लख, हात चपळ, आणि स्वच्छतेची इतकी आवड की समोरच्याचा चहा संपायच्या आत कप विसळून ठेवील. पण चपळ माणसाचा एक दोष असतो. त्याला प्रश्न पुरता वाचवत नाही.

एके दिवशी गुरुजी नाशिकला गेलेले असताना पैठणीचे व्यापारी भाऊशेठ आपला संगणक घेऊन आले. पुतण्याने त्यात चार दिवसांपूर्वी नवी सिस्टीम चढवली होती, आणि तेव्हापासून तो गाभण म्हशीसारखा चालत होता. जरा हलका करून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. शलाकाने साफसफाई सुरू केली. यादीत एक भलं मोठं गाठोडं निघालं, आधीच्या सिस्टीमच्या उरलेल्या फायलींचं. आता हे गाठोडं यंत्र उगीच ठेवत नाही. नवं आलं की जुनं ते दहा दिवस बाजूला सांभाळतं. गेलेल्या माणसाचे कपडे आपण दहावं होईपर्यंत हलवत नाही, तसंच. यंत्राने तिला विचारलंसुद्धा, की हे पुसलं तर मागे जाता येणार नाही, पुसू का? असल्या प्रश्नाला आपण सगळेच न वाचता 'होय' म्हणतो. शलाकाही म्हणाली. संगणक हलका झाला आणि भाऊशेठ खूश होऊन गेले.

तिसऱ्या दिवशी ते परत आले ते उतरल्या चेहऱ्याने. त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई पैठणीच्या काठांची नक्षी संगणकावर काढत असत, एकेक चौकट रंगाने भरत. त्यासाठी कुणा ओळखीच्याने कधीकाळी एक प्रोग्रॅम टाकून दिला होता. त्याची सीडी कुणाजवळ नाही, तो करणारी कंपनीही आता नाही. बाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. जाण्याआधी नातीच्या लग्नाच्या पैठणीसाठी मोराचा काठ मात्र त्यांनी पुरा करून ठेवला होता. आता नातीचं लग्न ठरलं होतं, विणकर माग मांडून बसला होता, आणि भाऊशेठ नक्षी उघडायला गेले तर नक्षीची फाइल जागेवर, पण ती उघडणारा प्रोग्रॅमच गायब. नव्या सिस्टीमला तो जुना गडी चालला नव्हता. तिने त्याला त्याच गाठोड्यात बांधून ठेवलं होतं. भाऊशेठांना यातलं काही ठाऊक नव्हतं. जुनीच सिस्टीम परत टाकून द्या ताई, म्हणजे सगळं पूर्वीसारखं होईल, असं म्हणून ते संध्याकाळी यायचं सांगून गेले.

शलाकाला ते गाठोडं आठवलं. बाईंचा काठ उघडायची किल्ली तिने स्वतःच्या हाताने फेकून दिली होती. मग घाबरलेलं माणूस करतं तेच तिने केलं, मनाशी एक गोष्ट रचली. जुनी सिस्टीम ताबडतोब टाकायची, प्रोग्रॅम काही येणार नाही, आणि भाऊशेठांना सांगायचं की व्हायरसने खाल्ला. व्हायरस बिचारा उलट बोलायला थोडाच येतो! तिने जुनी सिस्टीम असलेला पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर शेवटचा प्रश्न आला, याच डिस्कवर टाकू का? तिचं बोट बटणावर गेलं आणि त्याच वेळी गुरुजी दारातून आत आले.

त्यांनी पडदा वाचला. दोन प्रश्न विचारले, त्यांना अर्धीमुर्धी उत्तरं मिळाली. मग त्यांनी भिंतीतली वायर उपसली. खोकं उघडलं, चार स्क्रू काढले, हार्ड डिस्क आपल्या धुतल्या रुमालात बांधली, कप्प्यात ठेवली आणि किल्ली खिशात घातली. शलाकाला वाटलं, संपलं, आपली इथली शिकवणी आज संपली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. निदान जुनी सिस्टीम तरी घालू द्यायची होती.

गुरुजींनी बाहेरच्या खिळ्यावरची पाटी काढून आणली. ते परतणार म्हणून शलाकाने सकाळीच पुसलेली, काळीभोर. ती त्यांनी शलाकाच्या हातात दिली.

"वाच."

"यावर काही नाही, गुरुजी."

"दारातल्या उजेडात जा. तिरकी धर."

तिने पाटी तिरकी धरली आणि फिकट अक्षरं दिसू लागली. 'नाशिकला गेलो आहे.' तीन दिवसांपूर्वीची. गुरुजींनी पाटी परत घेतली, त्याच जागी ठळक अक्षरात 'दुकान चालू आहे' असं लिहिलं, पुसलं, आणि पुन्हा तिच्या हाती दिली. आता नाशिक शोध, म्हणाले. तिने पाटी सगळीकडून फिरवून पाहिली. नाशिक काही दिसेना.

"पुसल्याने अक्षर लगेच जात नाही, पोरी," गुरुजी म्हणाले. "यंत्र नुसतं यादीतलं नाव खोडतं, माल तिथेच असतो. तो जातो वर दुसरं लिहिल्यावर. तू पुसलंस ती चूक झाली, ती माझ्याही हातून झाली असती. पण ती झाकायला तू त्याच जागेवर लिहायला निघाली होतीस. आणि संध्याकाळी भाऊशेठांना जे सांगायचं योजलं आहेस, तेही वरून लिहिणंच आहे. चुकीवर दुसरं काही लिहिलं नाही तोवर ती वाचता येते."

व्हायरसचं नाव तिने काढलंही नव्हतं. पण गुरुजींनी तीस वर्षं पोरं हाताळली होती.

संध्याकाळी भाऊशेठ आले. शलाकाने त्यांना बसायला दिलं आणि घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, स्वतःच्या बाजूने एक शब्द न घालता. ते उठून दारापर्यंत गेले. मग परत येऊन त्याच खुर्चीत बसले.

"मिळेल का?"

"नक्की सांगता येत नाही," ती म्हणाली.

जुनी सिस्टीम एका दुसऱ्या, कोऱ्या डिस्कवर टाकली गेली. रुमालातली डिस्क शेजारी जोडली ती फक्त वाचण्यापुरती. तिच्यावर एक ठिपकाही लिहायचा नव्हता. पुसलेलं वेचायला दोन दिवस लागले. काही फायली फाटक्या आल्या, काही आल्याच नाहीत. प्रोग्रॅम तीनदा उघडता उघडता बंद पडला आणि चौथ्यांदा उघडला. पडद्यावर मोर आला.

"मान जरा वाकडीच काढायची ती," भाऊशेठ म्हणाले. "विणकर नेहमी कुरकुरायचा." त्यांनी उपरण्याने डोळे टिपले आणि त्याबद्दल काही संकोच केला नाही.

काम झालं. गुरुजी शलाकाला म्हणाले, आता या जुन्या डिस्कवर राहिलेलं सगळं खरोखरच केर आहे, पुसून टाकायला हरकत नाही. तिने डिस्क पुढे ओढली. यंत्राने नेहमीचा प्रश्न विचारला, आणि सवयीने तिचं बोट 'होय'कडे गेलं. तिथे ते थांबलं. तिने प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि मग खुर्ची मागे वळवली.

"भाऊशेठ, पुसू का?"

भाऊशेठांनी त्या डिस्ककडे पाहिलं.

"राहू दे की दहा दिवस."

शलाकाने चिठ्ठीवर त्या दिवसाची तारीख घातली, ती डिस्कला चिकटवली आणि डिस्क कप्प्यात ठेवली.