हौसाने हाक मारलेली वेल

एकदा काय झालं, रानाच्या कडेला एका झोपडीत हौसा नावाची मुलगी आणि तिची आई गिरजा, अशा दोघीच राहत होत्या. गिरजा गावाला औषधं द्यायची. त्या रानाची रीत न्यारी होती, बरं का. तिथं काही तोडायचं नाही. हाक मारायची, आणि जे येईल ते घ्यायचं.

हौसाची वेणी घालता घालता आई रानातल्या वेलींचं एकेक नाव सांगायची. हौसा कंटाळायची. "वेल ती वेल, आई. इतकी नावं कशाला?"

"उद्या मी 'ए पोरी' म्हटलं, तर गावभरच्या पोरी येतील," आई म्हणायची. "मग तूच वाढ त्यांना जेवायला."

मग आईला ताप भरला. तीन दिवस उतरेना. चौथ्या दुपारी ती कशीबशी म्हणाली, "हौसा, वेल आण. ती..."

पुढचं ऐकायला हौसा थांबलीच नाही. रानात जाऊन तिनं हाक मारली, "वेली, ये."

मग काय, रानातल्या झाडून सगळ्या वेली आल्या. पायांना गुंडाळल्या, कमरेला गुंडाळल्या, खांद्यावर चढल्या. हौसाला हलता येईना. उन्हं उतरू लागली. घरी आई एकटी. तिला पाणी कोण देणार?

हौसानं क्षणभर डोळे मिटले. केसांत आईचा हात आठवला. पहिला पेड, दुसरा पेड, तिसरा पेड.

"पांढऱ्या फुलांची तू मोरवेल. तू जा." पाय सुटले.

"काटेरी तू शतावरी. तू जा." कंबर सुटली.

"लाल बियांची तू गुंज. तूही जा." अशी नावं घेत गेली आणि एकेक वेल सुटत गेली.

मनगटावर एकच राहिली. पान विड्याच्या पानासारखं, साल पापुद्र्याची. हिचं नाव काही आठवेना. हौसा रडवेली झाली. मग तिनं वेलीचा माग काढला. ती कडुलिंबावरून उतरली होती. आणि त्याच झाडाखाली उभी राहून आई तापाच्या औषधासाठी कुणाला हाक मारायची, ते आठवलं.

"गुळवेल," हौसा हळूच म्हणाली. "माझ्या आईला बरं नाही गं."

वेलीनं मनगट सोडलं आणि वीतभर कांडं तिच्या हातात ठेवलं.

मग काढा झाला. सकाळी घाम फुटला, दुपारी ताप उतरला, संध्याकाळी आई उठून बसली. तिनं फणी मागितली. हौसा पाठमोरी बसली, आणि त्या दिवशी नावं हौसानं सांगितली. आई नुसती ऐकत होती.

पुढं दोघी सुखानं राहिल्या. आता मिटा डोळे. ज्यांची नावं आठवतील त्यांना मनातल्या मनात हाक मारा, आणि निजा.