चुकलेलं फडकं

एका गावात एक माग होता आणि त्या एकाच मागावर दोन जावा. म्हणजे भांडणाची सोय होतीच!

राजवाड्याच्या स्वयंपाकघरासाठी त्या भांडी पुसायची पांढरी फडकी विणायच्या. कापड संपलं की मागावर वीतभर सूत उरायचं. ते धाकटीला मिळायचं. ती त्यात रंग घालून बघायची. तिला एकदा तरी पूर्ण मागभर रंगीत कापड विणायचं होतं.

पहिल्यांदा तिने उभं लाल सूत घेतलं आणि आडवं हिरवं. दोन्ही रंग झकास, पण विणल्यावर झाला चिखल.

"शी! काय हे?" थोरली म्हणाली.

"जाऊबाई, चुकलंय म्हणूनच जपून ठेवा. परत चुकायला नको."

"हो, देव्हाऱ्यातच ठेवते!" असं म्हणून थोरलीने ते चुलीत घातलं.

पुढची फडकीही तशीच गेली. थोरली त्यांनी काळी भांडी पुसायची, फाटली की चूल. धाकटी नवं विणत राहिली.

एक दिवस राजवाड्यातली मुख्य स्वयंपाकीण आली. पाणी पिता पिता तिला खुंटीवरचं फडकं दिसलं. पिवळ्यात निळ्या रेघा, आणि दोन्ही भेटतात तिथे कोवळ्या पानासारखं हिरवं.

"अगंबाई! हे कुणी विणलं?"

धाकटी दारातच उभी होती. थोरलीने तिच्याकडे बघितलं.

"मीच," थोरली म्हणाली.

"मग राजकन्येच्या लग्नाला अशीच रंगीत फडकी हवीत. राणीसाहेबांना दाखवायला हे नेते."

ती गेल्यावर थोरली गोड आवाजात म्हणाली, "बस गं मागावर. घरचंच काम आहे."

"तुम्हीच विणता ना?" धाकटी म्हणाली.

थोरलीचं नाक केवढं, तर राजवाड्याएवढं. ती स्वतः बसली. सुतातले सगळ्यांत झगझगीत दोन रंग तिने निवडले.

धाकटीला राहवलं नाही. "जाऊबाई, लाल-हिरवं नको."

"गप गं! लग्नात लाल-हिरवंच शोभतं. माझी वाहवा बघवत नाही तुला."

स्वयंपाकीण परत आली, तेव्हा दारात चिखलाच्या रंगाच्या फडक्यांचा ढीग होता.

"यांनी भांडी पुसायची की घोडे?" ती म्हणाली. रंगीत फडक्यांचं काम गेलंच, नेहमीच्या पांढऱ्यांचंही तिने दुसऱ्या गावाला दिलं.

थोरली रडली. मग सगळ्या रंगांच्या लड्या आणून तिने धाकटीपुढे ठेवल्या. "घे, पूर्ण माग तुझा. तुला हवं ते विण."

धाकटी मागावर बसली. विणलं तिने, पण पांढरं.

"अगं, रंग?"

"कुठला कुणाशी जमतो, आठवत नाही आता."

खरंच आठवत नव्हतं की काय, ते थोरलीला कधीच कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

तात्पर्य, घ्यायचं असेल तर: दुसऱ्याच्या चुका चुलीत घालून त्याचं जमलेलं आपलं म्हणता येतं, विणता मात्र येत नाही.