उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव सांगायला आज कुणी उरलेलं नाही. त्या राजाला एकच हौस होती. राज्यातल्या प्रत्येक गावात शाळा हवी! म्हणून त्याने राजधानीत शिक्षक घडवणारी पाठशाळा काढली. चाळीस वर्षं शिकवून केस पिकलेले मोठे गुरुजी तिचे प्रमुख होते.

सगळीकडे शाळा नीट सुरू झाल्या. अडलं ते फक्त डोंगरावर. रानातल्या पाड्यांवरच्या मुलांना शिकवायला जो शिक्षक जाई, तो दोन महिन्यांत कपाळाला हात लावून परत येई. "मुलं मुकी आहेत हो! काही विचारलं की खाली बघतात."

असे तीन शिक्षक आले नि गेले. मग पाड्याचा म्हातारा कारभारी वैतागून म्हणाला, "पुरे झालं. आता आपलीच पोर शिकून येऊ दे." आणि त्याने सुकरीला धाडलं. सुकरी अठरा वर्षांची. आलेल्या शिक्षकांच्या मागे मागे राहून तिने अक्षरं उचलली होती. पाय भक्कम, जीभ त्याहून भक्कम. पाड्यावर बोलण्यात तिला कुणी हरवत नसे.

आणि गंमत बघा, पाठशाळेत पहिल्याच दिवशी हीच सुकरी गप्प झाली!

मोठ्या गुरुजींनी एक पान उचलून विचारलं, "हे कशाचं पान?"

"आंब्याचं!" सगळा वर्ग ओरडला.

त्यांनी दुसरं पान उचललं. "सुकरी, हे तू सांग."

पान पळसाचं होतं. सुकरीने डोळे मिटून नुसत्या वासावर ओळखलं असतं. पण ती खाली बघू लागली.

आता तुम्ही म्हणाल, का बरं? तर डोंगरातली रीत निराळी. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट तिथे कुणी दुसऱ्याला विचारत नसे. ठाऊक असून विचारलं, म्हणजे एक तर समोरच्याच्या खरेपणावर संशय आहे, नाहीतर त्याची थट्टा चालली आहे. अशा वेळी शहाण्या माणसाने खाली बघायचं आणि विचारणाऱ्याची चूक पोटात घालायची. सुकरीनेही गुरुजींची चूक पोटात घातली. मनात म्हणाली, 'पान यांनीच आणलं, यांना ठाऊकही आहे, मग मलाच का विचारतात? माझा काय गुन्हा झाला?'

"घ्या! हीसुद्धा मुकीच," गुरुजी म्हणाले. वर्ग खो खो हसला.

त्या दुपारी सुकरी विहिरीपाशी बसून पोटभर रडली. परत जावं असं शंभरदा वाटलं. पण आपण परत गेलो तर पाड्यावर चौथा शिक्षक येणार आणि तोही आपल्या पोरांना मुकी म्हणून निघून जाणार, हे तिला कळत होतं. तिने तोंड धुतलं आणि वर्गात जाऊन बसली.

हळूहळू तिला उमगलं, की शहरात प्रश्न हा एक खेळ असतो. उत्तर दोघांनाही ठाऊक असतं, फक्त मोठ्याने म्हणायचं असतं. मग काय! सुकरीने तो खेळ असा आत्मसात केला की बाकीचे बघत राहिले. छडी कशी धरायची, भुवई कधी उंचवायची, आवाज कुठे चढवायचा, सगळं गुरुजींसारखं. गुरुजी खूश झाले. सुकरीही खूश होती, पण आत कुठेतरी कुसळ बोचावं तसं बोचत होतं. वर्षभरात तिला कुणीही असं काही विचारलं नव्हतं, जे फक्त तिलाच ठाऊक होतं.

वर्ष सरलं. गुरुजी म्हणाले, "सुकरी, तुझी परीक्षा तुझ्याच डोंगरावर. मुलं बोलली तर शाळा राहील आणि तू तिची शिक्षिका. नाही बोलली, तर मी राजाला कळवणार, की डोंगरावर शाळा नको. उगाच माणसं किती दमवायची?"

भाद्रपदातल्या चिखलात घसरत, धापा टाकत गुरुजी सुकरीच्या मागोमाग डोंगर चढले. खोपटात चौदा मुलं रांगेने बसली होती. सुकरीने छडी धरली, भुवई उंचावली आणि पळसाचं पान दाखवलं. "सांगा बघू, हे कशाचं पान?"

चिडीचूप. चौदाच्या चौदा माना खाली.

सुकरीने आवाज चढवून पुन्हा विचारलं. तेव्हा सहा वर्षांची बारकी उठली, जवळ आली आणि तिचा हात धरून हळू आवाजात म्हणाली, "सुकरीबाय, शहरात जाऊन तू पानंसुद्धा विसरलीस काय गं? रडू नको. मी शिकवते तुला."

अगंबाई! सुकरीला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे दुखणं आपल्याला विहिरीपाशी रडवून गेलं, तेच आपण या लेकरांना द्यायला निघालो होतो!

मागून गुरुजी पुटपुटले, "झालं. मी म्हणत नव्हतो?"

सुकरीने छडी कोपऱ्यात ठेवली आणि मुलांमध्ये जमिनीवर बसली. आपल्याला खरोखर काय ठाऊक नाही, असं तिने स्वतःला विचारलं.

"पोरांनो," ती म्हणाली, "मघाशी चढून येताना मला तहान लागली होती. वडाखालच्या झऱ्यावर गेले, तर झराच नाही! कुठं गेला तो?"

बांध फुटावा तशी मुलं बोलू लागली. "दरड आली ना, बाय!" "झरा दबला!" "नाही, दबला नाही, तो पलीकडे निघाला, माझ्या आज्यानं बघितला!" "दोनशे पावलांवर!" "छट्, तीनशे!"

"दोनशे की तीनशे? चला, मोजू," सुकरी म्हणाली. सगळे मोजत गेले, मोजत आले. पावलं भरली दोनशे सत्तर. कोळशाने खडकावर वाट काढली, पाड्यातली घरं काढली, घरोघरी लागणाऱ्या पाण्याच्या घागरी मांडून बेरजा केल्या. मग बारकीने हट्ट धरला, "इथं 'झरा' असं लिही. आणि मलापण शिकव." दुपारपर्यंत चौदाही जणांना तो शब्द लिहिता येत होता.

मोठे गुरुजी कधीच उठून त्या खडकापाशी आले होते. बराच वेळ त्यांची चुळबुळ चालली होती. शेवटी त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि ओशाळून विचारलं, "मुलांनो, या जळवा काही केल्या सुटत नाहीत रे. तुम्ही काय करता?"

"मीठ लावा!" "तंबाखूचं पाणी!" "ओढू नका, गुरुजी, ओढू नका!" चौदा मुलं त्यांच्या पायांवर तुटून पडली. जळवा पटापट गळाल्या. गुरुजी मुलांकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सुकरी," ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी प्रश्न विचारले. पण खरोखर कळावं म्हणून विचारलेला हा माझा पहिलाच. पहिल्या दिवशी मी तुला ठाऊक असलेलंच विचारलं आणि वर मुकी म्हणालो. मला क्षमा कर, पोरी."

"तेव्हाच केली होती, गुरुजी," सुकरी हसून म्हणाली. "म्हणून तर खाली बघत होते."

डोंगरावरची शाळा राहिली, आणि सुकरी तिची पहिली शिक्षिका झाली. तिकडे पाठशाळेत गुरुजींनी नवा नियम केला. प्रत्येक धड्याची सुरुवात अशा प्रश्नाने करायची, ज्याचं उत्तर शिकवणाऱ्यालाही ठाऊक नाही. शहरातल्या भल्याभल्या विद्यार्थ्यांना तसा एक प्रश्न शोधताना घाम फुटला म्हणतात!

तर लहानथोर सगळ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: मुलांना जे ठाऊक आहे त्याचा मान राखला, की जे ठाऊक नाही ते शिकायला ती आपण होऊन पुढे येतात.