काडी ज्याची त्यानेच उचलायची

त्या राज्यात एकही भिंत सरळ नव्हती.

घरं होती, कोठारं होती, बांध होते, न्यायाचा चौथराही होता. पण सगळं वाकडं. चालता चालता भिंत मध्येच पोट आत घ्यायची, पुढे जाऊन पुन्हा बाहेर काढायची. परक्या पाहुण्याला वाटायचं, इथले गवंडी कामावर येताना काहीतरी पिऊन येत असणार. तसं काही नव्हतं. गवंडीकाम वाळवीकडे होतं, आणि वाळवीला लाकडाखेरीज दुसरं व्यसन नाही.

वाकडेपणाचं मूळ होतं गवताच्या काडीत.

पूर्वी कुणालाही काही बांधायचं झालं, की आधी त्या जागेवर वाळक्या काड्यांची आखणी घालावी लागे. इथून भिंत जाईल, इथे दार येईल. मग ती आखणी ऋतूंचा अख्खा फेरा तशीच पडून राहायची. ज्याच्या वाटेत, बिळात, घरट्यात किंवा दुपारच्या सावलीत ती भिंत येणार असेल, त्याने यायचं आणि आपल्या आड येणारी काडी तोंडाने उचलून बाजूला ठेवायची. भांडायचं नाही, कारणं द्यायची नाहीत. जिथली काडी गेली, तिथून भिंत वळायची.

खापरूआबा कासव या आखणीचा राखणदार होता. वारा सुटला की तो काड्यांवर जाऊन बसे, म्हणजे त्या उडत नसत. राखणदारीला यापेक्षा जास्त अक्कल लागत नाही, वजन लागतं, असं तोच सांगायचा.

काय दिवस होते ते! नवी आखणी पडली की सगळ्या पंचक्रोशीला सुकल्या गवताचा वास यायचा आणि घरोघर गप्पांना विषय मिळायचा. हिवाळ्यात उत्तरेकडचे पाहुणे पक्षी उतरायचे, ते दाणापाण्याच्या आधी आखणीवरून एक फेरी मारायचे. एकदा एका गोगलगायीला कोठाराबद्दल हरकत घ्यायची होती. ती निघाली तेव्हा शेतं कापणीला आली होती आणि पोचली तेव्हा पुन्हा पेरणी चालली होती. तोवर धान्य उघड्यावर पडलं, वाळवी हात चोळत बसली, पण भिंतीचा एक खडा कुणी हलवला नाही. त्या कोठाराच्या कोपऱ्याला अजून गोगलगायीचा कोपरा म्हणतात. पलीकडच्या बांधाला मुंगसिणीचं वळण आहे. बाळंतीण असताना ती काडी उचलायला आली होती.

या रीतीत खापरूआबाने स्वतः एकच नेम घातला होता. झालं असं, की एका कावळ्याने सगळ्या गावाच्या वतीने भराभर काड्या उपसल्या, आणि त्या काड्यांचं स्वतःसाठी दुमजली घरटं बांधलं. तेव्हापासून आबाने ठरवून टाकलं: काडी ज्याची त्यानेच उचलायची, दुसऱ्याच्या नावाने नाही. या नेमाचा त्याला फार अभिमान होता.

आबाचा जिवलग मित्र म्हणजे डबरूबुवा बेडूक. जुन्या तळ्याचा रहिवासी. उन्हाळ्यात तळं आटलं की बुवा आपल्या सगळ्या गोतावळ्यासकट चिखलात खोल उतरायचा. वर चिखल वाळून भेगाळायचा आणि खाली सगळे झोपायचे. डोंगरातला ओढा उतरून तळ्यात पाणी आलं की बुवा वर यायचा, डोळ्यांवरचा चिखल पुसायचा आणि दरवर्षी तोच प्रश्न टाकायचा.

"काय आबा, मी नव्हतो तेव्हा कुणी काही विचारलं का?"

"विचारलंय ना. टेकाडावर आखणी पडलीय. जा, बघून ये."

बुवा उड्या मारत जायचा, बघून यायचा, आणि मग दोघांच्या गप्पा सुरू व्हायच्या त्या पाणी पुन्हा आटेपर्यंत.

पुढे राज्य मोरमहाराजांकडे आलं. महाराजांना नाचाची आवड, आणि नाचाला हवा रंगमंडप. त्यांनी कुठेतरी सरळ भिंत पाहिली होती म्हणे, आणि तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. जागा निवडली जुन्या तळ्याची. ऐन उन्हाळ्यात ती सपाट होती, मोकळी होती, आणि तिथे कुणीच राहत नव्हतं.

कुणी राहत नाही याची रीतसर पाहणी झाली. पाहणीला बगळा नेमला होता. बेडकांची मोजदाद करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मोजलेला बेडूक पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नसे, एवढंच. त्याने तळ्यात एका पायावर उभं राहून चारी दिशांना पाहिलं आणि सांगितलं, "जीवजंतू आढळले नाहीत."

बाकी बंदोबस्त चोख होता. कारभारी चपळराव मुंगूस तसा कामाचा माणूस. धूळ उडू नये म्हणून म्हशींना शेपट्या भिजवून फिरायला सांगितलं. तोडायच्या बाभळीवरच्या सुगरणींना पलीकडे दुसरी बाभूळ दाखवली. आणि रीत मोडू नये म्हणून आखणीही घातली. फक्त सकाळी घातली आणि संध्याकाळी उचलायची ठरवली.

सुनावणीला तोबा गर्दी. महाराजांनी पिसारा आवरून बसायची तसदी घेतली होती. तळ्याच्या मधोमध, वाळल्या चिखलावर, सगळे दाटीवाटीने उभे होते. खापरूआबाला सर्वांत जुना रहिवासी म्हणून पुढची जागा आणि झेंडूचा हार. हाराखालून मान बाहेर काढायलाच त्याला बराच वेळ लागला.

"चपळ्या," तो म्हणाला, "ज्यांना विचारायचं ते खाली आहेत. तू त्यांच्या डोक्यावर उभा आहेस."

"असं का? मग विचारू की." चपळरावाने वाकून जमिनीवर पंजाने टकटक केली. "कुणाची हरकत?" सगळ्यांनी कान दिला. खालून काही आलं नाही. "बघा आबा. हरकत नाही."

सभा खो खो हसली.

आबा उठला, आखणीपाशी गेला आणि एका काडीला तोंड लावणार, इतक्यात चपळराव वाऱ्यासारखा आडवा आला.

"आबा, ही काडी कुणाची?"

"डबरूची."

"आणि दुसऱ्याच्या नावाने काडी उचलायची नाही, हा नेम कुणाचा?"

आबाने काडीवरून तोंड मागे घेतलं. सभेत एक म्हातारा कावळा होता, त्याला खोकल्याची मोठी उबळ आली.

आबा हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या आईची काडी मला आठवते रे. तुम्ही पिल्लं तेव्हा डोळेसुद्धा उघडले नव्हते. तिच्यासाठी अख्खा बांध वळला."

चपळरावाची शेपटी क्षणभर खाली आली. "ते दिवस वेगळे होते, आबा. तेव्हा सगळ्यांना वेळ होता. आता महाराजांना सरळ रेघ हवी आहे, आणि ओढा उतरायच्या आत हवी आहे." मग त्याने स्वतःच्या हाताने आबाचा वाकडा झालेला हार सरळ केला.

सभा पांगली. पंगतीचा वास सुटला होता. भर उन्हात आबा एकटाच आखणीपाशी उरला. ओढा उतरेल तेव्हा वर फरशी असेल आणि डबरू खालच्या खालीच राहील, हे त्याला कळत होतं. आणि त्याला अडवणारा नेम दुसऱ्या कुणाचा नव्हता, हेही. पण म्हाताऱ्याच्या डोक्यात, सावकाश का होईना, एक गोष्ट येत होती. काडी कुणी उचलावी याचा नेम त्याने केला होता. काडी कुठे पडलेली असावी याचा नेम कुणीच केला नव्हता.

त्याने एक काडी नाकाने ढकलली. ढकलत ढकलत वाळल्या चिखलाच्या भेगेपर्यंत नेली आणि आत सोडून दिली. मग दुसरी.

पंगतीतून ढेकर देत परतणाऱ्या म्हशी थांबल्या. "आबा, या वयात शेती?"

"गवत लावतोय," आबा म्हणाला. "उगवलं तर तुम्हालाच खायला येईल."

संध्याकाळी आखणी उचलायला सेवक आले, तेव्हा काड्या फारच थोड्या निघाल्या. वाऱ्याने गेल्या असतील, असं त्यांनी ठरवलं. राखणदार जागेवर नसला की हे व्हायचंच. राखणदार मात्र जागेवरच होता. तळ्यातली सगळ्यात रुंद भेग निवडून तो तिच्या तोंडावर बसला होता, हात, पाय, डोकं सगळं आत घेऊन.

वाळवीचे गवंडी आले. वाळवीला दिसत नाही, ती चाचपून काम करते. चाचपता चाचपता एक गोल, घट्ट, छान बसलेला दगड लागला. आधीच कुणीतरी बसवलेला दिसतोय, असं म्हणून त्यांनी भोवतीने फरशी जुळवून घेतली.

काम पुरं झाल्यावर चपळराव पाहणीला आला. मंडपाच्या भिंती सुतात होत्या, एकही वळण नाही. तो झरझर फरशी तपासत निघाला आणि मध्यावर थबकला. बाकी दगड थंड होते. हा एक ऊबदार होता, आणि त्याच्या कडेला झेंडूची एक सुकी पाकळी चिकटली होती. बगळ्याने लांबून विचारलं, "काही आढळलं का?"

"काही नाही," चपळराव म्हणाला. आणि त्या दगडावर पाय न देता, बाजूने वळसा घेऊन पुढे गेला.

ओढा उतरला त्या दिवशी मंडपात पहिला नाच होता. सगळं राज्य लोटलं होतं. महाराजांनी पिसारा उभारला, मान डौलात वळवली आणि पहिलं पाऊल टाकायला पाय उचलला.

तेवढ्यात फरशीखाली काहीतरी गुरगुरलं. मंडपाच्या मधला गोल दगड हलला, वर आला, त्याला चार पाय फुटले, आणि तो सावकाश बाजूला सरकला.

खालच्या भोकातून आधी चिखल आला. मग चिखलातून डबरूबुवा. त्याच्या तोंडात गवताची एक काळी पडलेली काडी होती. त्याने ती महाराजांच्या पायापाशी फरशीवर ठेवली, डोळे पुसले, आणि आबाकडे बघून म्हणाला, "काय आबा, मी नव्हतो तेव्हा कुणी काही विचारलं का?"

त्याच्यामागून दुसरा बेडूक आला, तोंडात काडी. मग तिसरा, मग बुवाच्या बायका, मेव्हणे, नातवंडं. येईल तो आपली काडी ठेवायचा आणि पुढच्याला जागा करून द्यायचा. काड्यांची ओळ मध्यापासून निघाली, महाराजांच्या सिंहासनापाशी वळली आणि सरळ भिंतीच्या दिशेने हळूहळू सरकू लागली. चपळरावाने मुकाट्याने पुढे होऊन एका म्हाताऱ्या बेडकासाठी वाट मोकळी केली. खापरूआबा, वारा सुटला तर असावं वजन म्हणून, पहिल्या काडीवर जाऊन बसला.

महाराजांचा उचललेला पाय अजून हवेतच होता. तो टेकवायला कुठे जागा आहे, हे ते वाकून शोधत होते.